पाच राखणदार

विश्वजितचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. ओवी माझ्या मांडीवर बसून नाचणीचं सत्त्व अर्धं पोटात आणि अर्धं माझ्या ओढणीवर घेत होती. दुसऱ्या हातानं मी संस्थेच्या संगणकावर साखळीची रोजची तपासणी उरकत होते. आठ महिन्यांच्या मुलीची आई झाल्यापासून मला सगळं एका हातानं करता येतं.

"केतकी, स्वरालीला झटका आला. फिट. चहा ओतता ओतता पडली. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, कोल्हापुरात. तिचं माजघर उघड."

"शुद्धीवर आहे?"

"नाही. झोपेचं औषध दिलंय. तू उघड ना लवकर!"

स्वराली घाडी माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. खैरवण्याची, मालवणपासून आत, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. दोन वर्षांपूर्वी विश्वजितशी लग्न होऊन ती कोल्हापूरच्या इंगवल्यांकडे गेली. आता तिला एकोणतिसावा आठवडा चालू होता.

फोन डॉक्टर निंबाळकरांनी घेतला. शांत आवाजाच्या बाई. "हे बघा, झटक्याची पाच-सहा कारणं असू शकतात. त्यातली एक-दोन अशी आहेत, की बाळ आज बाहेर काढलं नाही तर दोघांच्याही जिवावर बेतेल. बाकीच्यांत बाळ आत राहिलेलंच बरं. अकराशे ग्रॅमचं आहे हो ते. रक्तदाब चढलाय, पण झटक्यानंतर चढतोच. तपासण्या धड इकडच्या नाहीत, धड तिकडच्या नाहीत. तिच्या तब्येतीच्या फडताळात अकरा दिवसांपूर्वी काहीतरी लिहिलं गेलंय, एवढंच मला बाहेरून दिसतंय. काय, ते दिसत नाही. मी तीन वाजेपर्यंत थांबते. त्यापुढे थांबणं मला परवडणार नाही."

मागून स्वरालीच्या सासूबाईंचा, सुमित्राबाईंचा आवाज आला. "आवो, एक दिवस आजारी पडली न्हाई पोरगी आमची! काय लिव्हलं असंल त्यात?"

"विश्वजित," मी म्हटलं, "मला उघडता येत नाही."

"तूच बनवलंयस ना ते?"

"बनवलं म्हणून येत नाही. कोणालाच येत नाही. पाच राखणदारांपैकी तिघांनी होकार दिला तरच उघडतं. एक मी आहे. माझा होकार आत्ता देते."

"आणि बाकीचे चार?"

मी नावं वाचली. तिची आई वासंतीकाकी. मोठे काका, तात्या घाडी. आत्या. बालवाडीच्या बाई.

पलीकडून सुमित्राबाई हळूच म्हणाल्या, "आमच्यातलं एकबी न्हाई व्हय?"



*

माजघर म्हणजे काय हे मी गेल्या चार वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की ओवीनं पहिला शब्द तोच उच्चारला तर मला नवल वाटणार नाही.

पूर्वीच्या इंटरनेटवर आपण सगळेच परक्याच्या घरात राहत होतो. भाडं नव्हतं म्हणून खूश होतो. आपले फोटो, आपली दुखणी, कुणाशी भांडलो, काय विकत घेतलं, सगळं त्याच्या खोलीत. घरमालक हवं तेव्हा आपली ट्रंक उघडायचा, आतलं बघायचा आणि बाजारात सांगायचा. आमच्या संस्थेनं एवढंच केलं, की प्रत्येकीला तिचं स्वतःचं घर दिलं. चपलांच्या खोक्याएवढी एक पेटी. ओटीवर परका माणूस बसू शकतो, पडवीत ओळखीचा, माजघरात आपण बोलावू तो. आणि फडताळ कुलपात. कुलूप गणिताचं, म्हणून हातोडीनं तुटत नाही.

कुणी कुणाला, कशासाठी, किती वेळ आत घेतलं याची नोंद तेवढी साखळीत जाते. आतलं काहीही जात नाही. ही साखळी म्हणजे एक वही, तिची एकच प्रत कुणा एकाच्या कपाटात नाही. सिंधुदुर्गातल्या नऊ हजार पेट्यांत नऊ हजार प्रती आहेत. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचं सार कोरलेलं असतं. मागचं एक अक्षर कुणी बदललं, तर पुढची सगळी पानं खोटी ठरतात आणि नऊ हजार पेट्या ते पान नाकारतात.

राहता राहिली किल्ली. माणूस बेशुद्ध पडलं तर? त्यासाठी राखणदार. आमच्या कोकणात गावाच्या शिवेवर राखणदार असतोच, त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. गणित मात्र मी रांगोळीवर समजावते. दोन ठिपके काढा. त्यांतून हव्या तितक्या कमानी काढता येतात. लहान, मोठ्या, उंच, बसक्या. तिसरा ठिपका दिला की मात्र एकच कमान उरते. ती वाढवली की भिंतीला जिथं टेकते, तो आकडा म्हणजे किल्ली. पाच राखणदारांना त्या कमानीवरचा एकेक ठिपका दिलेला असतो. कुठलेही तिघं एकत्र आले की कमान मिळते. दोघांनी जन्मभर डोकं लढवलं तरी मिळत नाही.

एक विमा कंपनी आली होती आमच्याकडे, सगळ्या जिल्ह्याला फुकट पेट्या द्यायला. अट एकच: आणीबाणीसाठी एक वेगळी किल्ली, कंपनीच्या हाती. मला तेव्हा सातवा महिना होता. मी पोटावर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "जी किल्ली सगळी घरं उघडते, ती आज ना उद्या कुणीतरी विकतंच." ठराव अकरा विरुद्ध दहानं पडला. पेट्या लोकांनी आपल्या पैशानं घेतल्या. त्या एका मताचा मला फार अभिमान होता.

विश्वजितचा फोन ठेवताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ते मत मी उलटं दिलं असतं तर स्वरालीचं फडताळ आत्ता उघडं असतं.

*

वासंतीकाकीला फोन लावला. बंद. तात्यांचा बंद. आत्याचा बंद. बालवाडीच्या बाईंचाही बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

मार्गशीर्ष. गावपळण.

दर तीन वर्षांनी खैरवणे रिकामं होतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन गाव शिवेबाहेर पडतं आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या माळावर राहुट्या ठोकून राहतं. तीन दिवस तीन रात्री गाव देवाचं. चौथ्या दिवशी कौल मिळाला की परत. तोवर आत कुणी पाऊल टाकायचं नाही. गेल्या खेपेपासून गावानं आणखी एक ठरवलंय: फोनही बंद. सगळे फोन एका पिशवीत, पिशवी मानकऱ्याच्या राहुटीत. आजचा पहिला दिवस होता.

फोन बंद असले तरी जाऊन गाठता येईल, असं म्हणत मी ओवीला गाडीत बांधलं. नवरा गोव्याला कामावर, शेजारच्या काकी बाजारात. आणि तसंही दुपारी तिला माझ्याशिवाय भागत नाही. कुडाळ मागं पडलं आणि अर्ध्या वाटेवर मला दुसरी गोष्ट सुचली, ती जास्त वाईट होती.

राखणदाराचा ठिपका एका पत्र्याच्या कार्डात असतो. खैरवण्यात कार्डं मीच वाटली होती, शाळेच्या पडवीत, स्वरालीच्या लग्नाच्या आधी महिनाभर. वाटताना म्हणाले होते, "जिथून कधीच हरवणार नाही अशा जागी ठेवा."

अशी जागा खैरवण्यात प्रत्येकाच्या घरात एकच असते. देव्हारा. आणि गावपळणीला माणसं कोंबडीचं खुराडंसुद्धा बरोबर नेतात, पण देव घरीच राहतात.

पाच राखणदार म्हणजे पाच ठिकाणं, असं मी गृहीत धरलं होतं. मुलगी लग्नाआधी विश्वासाची माणसं निवडते तेव्हा ती सगळी माहेरचीच निवडणार, आणि माहेर म्हणजे एकाच वाडीतली पाच दारं, हे माझ्या प्रोग्रॅमनं एकदाही तपासलं नव्हतं. मी स्वतः माहेरवाशीण असून.

*

माळावर जत्रा असावी तसा आनंद होता. तीन दगडांच्या चुलींवर भाताची भांडी रटरटत होती, पोरं झाडांना झुले बांधत होती, बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या. वासंतीकाकी राहुटीच्या दाराशी विळीवर सुरण चिरत बसली होती.

ओवीकडे बघून म्हणाली, "गो बाय, चेडवाक घेवन इलंस? ये, ये, बस. भात होताच आसा."

मी तिच्या शेजारी बसून सांगितलं. थोडक्यात आणि खरं तेवढंच. ती ऐकत होती तोवर तिचा हात सुरणावर तसाच राहिला. मग तिनं विळी मिटली, पदर खोचला आणि व्हाळाच्या दिशेनं चालायला लागली.

"वासंती, थांब."

तात्या घाडी. शहात्तर वर्षांचे, बारीक, ताठ. गावचे मानकरी. देवापुढं गाऱ्हाणं तेच घालतात. फुगड्या थांबल्या. माणसं जमली.

"माझा चेडू पडलाहा तात्या. माका कार्ड होया."

"कार्ड खय आसा?"

"देवाऱ्यात."

"माझाय देवाऱ्यात." तात्यांनी आत्याकडे आणि बालवाडीच्या बाईंकडे पाहिलं. दोघींनी माना खाली घातल्या.

बाबी परब पुढं आला. त्याच्या आंब्याच्या बागा आहेत आणि फवारणीचा ड्रोन तो मुलासारखा जपतो. "माणसान शीव ओलांडूची नाय, बरोबर? ड्रोन काय माणूस न्हय. मी धाडतंय."

"आणि दार कोण उघडतलो?" आत्या म्हणाली. "तुझो ड्रोन कडी काढतलो? चपला भायेर काढून देवाऱ्यात हात घालतलो?"

अशा वेळीही चार जण हसले. बाबीनं टोपी काढून पुन्हा घातली.

तात्या हसले नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले. ओवीनं त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे हात केला. त्यांनी आपलं बोट तिच्या मुठीत दिलं आणि ते मला विचारायला लागले.

"ह्या केल्यान चेडू वाचात?"

"खात्री नाही देता येत, तात्या. काय करायचं ते डॉक्टरांना कळेल."

"आत काय आसा, ता आमका दिसतला?"

"नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

"तिच्या घोवाक?"

"नवऱ्यालाही नाही. फक्त डॉक्टरांना. चार तास. मग पुन्हा बंद."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आमी देवाची शीव मोडूची, गावावर काय इला तर ता सोसूचा, आणि कशासाठी ताय आमका कळूचा नाय?"

तात्या वळले. "मगे राखणदार कशाक म्हणतत? राखणदार काय फडताळ उघडून बघता काय रे?"

तरी कुणी बाजूला सरकलं नाही. मला त्यांची भीती कळत होती. त्या माणसांनी तीन वर्षांतून एकदा एवढंच एक वचन पाळायचं असतं आणि त्यांच्या आज्यापणज्यांनी ते पाळलेलं होतं. तात्यांनी एकट्यानं परवानगी दिली असती तर गावानं कदाचित मानलीही असती. पण मग उद्या कुणाचं वासरू मेलं, तरी बोट वासंतीकाकीच्या घराकडे गेलं असतं. आणि तात्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी एक नारळ मागवला. गावाकडे तोंड करून उभे राहिले. सगळी माणसं मागं उभी राहिली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! वडिलांनी घालून दिल्याप्रमाणा तुझो गाव तुका मोकळो करून दिलो!"

"व्हय म्हाराजा!" दीडशे गळे एकदम.

"आज तुझ्या एका चेडवाच्या जिवासाठी दोन माणसा शीव ओलांडून आत येतत!"

चुलीवरचा भात उतू गेल्याचा आवाज तेवढा आला.

"व्हय म्हाराजा," वासंतीकाकी म्हणाली.

मग आत्या म्हणाली. मग बालवाडीच्या बाई. बाबी परब जरा मोठ्यानं म्हणाला. मग ज्यानं मघाशी प्रश्न विचारला होता तो माणूस म्हणाला, आणि मग मला कुणाचा आवाज कुठला ते कळेनासं झालं.

"चूक धरशीत तर त्या दोघांची धरू नको, सगळ्या गावाची धर!"

"व्हय म्हाराजा!"

"दंड म्हणान सगळो गाव एक रात जास्त भायेर रवतलो!"

"व्हय म्हाराजा!"

मी चार वर्षं लोकांना साखळी समजावत होते. एकाच्या हाती सत्ता नसली तरी निर्णय कसा होतो, झालेला निर्णय नंतर कुणाला का फिरवता येत नाही, हे सांगायला मी चित्रं काढली, बाण काढले. आणि ही माणसं माझ्यासमोर मान हलवत शांत बसायची, तेव्हा मला वाटायचं, यांना कळत नाहीये. त्यांना माझ्या आजीच्या जन्माआधीपासून कळत होतं. दीडशे माणसांनी ऐकलेलं, दीडशे माणसांनी होकारलेलं. आता उद्या कुणीही म्हणू शकणार नव्हतं, की वासंतीनं शीव मोडली.

दोघंही चपला काढून व्हाळात उतरली. शहात्तर वर्षांचा दीर पुढं, चोपन्न वर्षांची भावजय मागं. पलीकडचं गाव दिसत होतं. एकाही घरातून धूर नाही, एकही कुत्रं नाही, अंगणांत फक्त ऊन. मी ओवीला पाजायला राहुटीत बसले. कुणा अनोळखी बाईनं माझ्यापुढं भाताचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेव गो. पाजतंस ना?"

ती दोघं परत आली तेव्हा पाऊण वाजला होता. वासंतीकाकीचं कार्ड कोऱ्या खणात गुंडाळलेलं होतं. तात्यांच्या कार्डावर दोन वर्षांचं हळद-कुंकू चढलं होतं. रोज देवांबरोबर त्याचीही पूजा होत होती. अंगठा ठेवायच्या जागी तर कुंकवाचा थर. काही केल्या कार्ड त्यांचा अंगठा ओळखेना. शेवटी मी ओवीचं लाळेरं पाण्यात भिजवून ते पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

कार्ड बोललं. आम्ही त्याला बायकी, सावकाश आवाज दिलाय. "स्वराली घाडी हिचं तब्येतीचं फडताळ, उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी, चार तास उघडायचं आहे. तुमचा होकार आहे का?"

"व्हय," तात्या म्हणाले, आणि सवयीनं, "म्हाराजा."

वासंतीकाकीनं अंगठा ठेवला. मी माझा सकाळीच दिला होता. फोनवर तिसरा ठिपका उमटला, कमान पूर्ण झाली. त्याच क्षणी नऊ हजार पेट्यांत एक ओळ लिहिली गेली. तिच्यात स्वरालीचं नावसुद्धा नव्हतं; फक्त एक आकडा, आणि तिघांनी होकार दिला एवढंच.

*

आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. दहा मिनिटं. पंधरा. वासंतीकाकी ओवीच्या तळपायावरून बोट फिरवत होती, तिला झोप लागली होती तरी.

एक वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन आला. "वाचलं मी. बरं झालं उघडलंत. बाळ आज काढायचं नाही. औषध बदलतेय. दोघंही ठीक राहतील असं मला वाटतंय."

वासंतीकाकी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "ता हलता मा? पोटात?"

"हलतंय हो. चांगलं लाथा मारतंय."

ते ऐकल्यावर रडली.

पलीकडे विश्वजित विचारत होता, "पण काय निघालं, डॉक्टर? मी नवरा आहे तिचा."

"संध्याकाळी ती जागी होईल. तिला विचारा," डॉक्टर म्हणाल्या. "मला फक्त वाचायची परवानगी आहे. सांगायची नाही."

मी कान टवकारले. आता सुमित्राबाई भडकणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय. चल विश्वा, बाहेर बस. तिला झोपू द्या."

राहुट्यांत कुणी नाचलं-बिचलं नाही. उतू गेलेला भात खरवडून घेतला, सगळ्यांना वाढला. बाबी परब आत्याला म्हणाला, "ड्रोनाक कडी काढूक शिकयतंय आता." आत्या म्हणाली, "आधी चपला काढूक शिकव." मी निघताना वासंतीकाकीला विचारलं, कोल्हापूरला येतेस का माझ्याबरोबर? ती म्हणाली, "येतंय." मग थोड्या वेळानं, गाडीत: "मी इचारूचंय नाय तिका. तिना आपण सांगल्यान तर ऐकान."

गावानं चार रात्री बाहेर काढल्या. दंडाची रात्र एकानंही चुकवली नाही. पाचव्या दिवशी पहिल्याच हाकेला कौल मिळाला.

*

शुद्धीवर आल्यावर स्वरालीला तिच्या फोनवर नोंद दिसली. कुणी उघडलं, कुणासाठी, किती वेळ. डॉक्टरांनी कुठली पानं वाचली आणि कुठली न वाचता सोडली, तेही. डॉक्टरांनी फक्त दोन पानं वाचली होती. फडताळात पुष्कळ होती. मी भेटायला गेले तेव्हा ती ती नोंद पुन्हा पुन्हा वर-खाली करत होती.

"मला वाटलेलं, एकदा उघडलं की सगळंच गेलं," ती म्हणाली. "दोनच पानं, केतू."

"दोनच."

"तात्या आत गेले? गावपळणीत? माझ्यासाठी?"

"सगळं गाव गेलं म्हण."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. आतून एक लाथ बसली, आई झालेल्या कुणालाही ओळखू येईल अशी.

कुडाळला परतल्यावर मी पहिलं काम प्रोग्रॅम बदलायचं केलं. ओवी झोपली की वीस मिनिटं, पुन्हा झोपली की पंधरा, असं करत तीन आठवडे लागले. आता राखणदार निवडताना माजघर विचारतं: हे पाचही जण एकाच दिवशी एकाच ठिकाणी असतील असा एखादा सण, जत्रा, लग्न आहे का? असेल तर तिघं दुसरीकडचे निवडा. संस्थेच्या बैठकीत एकानं पुन्हा त्या कंपनीच्या किल्लीची गोष्ट काढली. म्हणाला, "खैरवण्यात नशीब म्हणून वेळेत झालं." मी त्याला म्हटलं, नशीब नव्हतं. दीडशे माणसं होती. पुन्हा मत घेतलं. यावेळी ती किल्ली अठरा विरुद्ध तीननं पडली.

बाळ छत्तिसाव्या आठवड्यात झालं. मुलगी. सव्वादोन किलो, रडणं मात्र चार किलोचं.

डॉक्टरांनी माहेरी पाठवायला नको म्हटल्यामुळे वासंतीकाकीच कोल्हापुरात राहायला आली होती. मी ओवीला घेऊन गेले तो दिवस नवे राखणदार नेमायचा होता. बाळ झाल्यावर ते करावंच लागतं, कारण आता फडताळात दोघींचं असतं. स्वरालीनं आई ठेवली, तात्या ठेवले, मला ठेवलं. चौथा विश्वजित. मग तिनं पाचवं कार्ड उशीखालून काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

सुमित्राबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "मला? मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायला लागत नाही, आई. विचारलं तर हो म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं. आणि..."

"आन् काय?"

"देव्हाऱ्यात ठेवायचं नाही."

वासंतीकाकी इतकी हसली की बाळ दचकून उठलं.

त्या दिवशी, सगळे बाहेर गेल्यावर, स्वरालीनं दार लावून घेतलं आणि त्या दोन पानांत काय होतं ते सासूला सांगितलं. तिनं स्वतः, तिच्या तोंडानं, तिला वाटलं तेव्हा. अर्धा तास दार बंद होतं. नंतर तिनं आईला सांगितलं, विश्वजितला सांगितलं, आणि संध्याकाळी गच्चीत मला. काय ते मी इथं लिहिणार नाही. ते माझं नाही.

त्याच दुपारी, चहाच्या वेळी, शेजारच्या एक बाई बाळ बघायला आल्या. बाळाला टोपडं दिलं, नाक कुणासारखं ते ठरवलं आणि मग खुर्ची जराशी पुढं ओढून आवाज खाली आणला. "सुमित्राबाई, तवा काय झालं हुतं वो सुनंला? गावात लई काय काय बोलत्यात. तुमाला तर ठावं असंलच."

मी कप हातात धरून थांबले. आत स्वराली बाळाला पाजत होती. तिचं गुणगुणणं थांबलेलं मला ऐकू आलं.

सुमित्राबाईंनी बशीत बिस्किटं मांडली. सावकाश, एकाला एक लावून. त्यांचा हात क्षणभर कमरेकडे गेला. कार्ड त्यांनी तिथं खोचलं होतं.

"व्हय," त्या मान वर करून म्हणाल्या. "ठावं हाय की मला."

आणि बशी बाईंच्या पुढं सरकवली. बाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. बिस्कीट संपलं, चहा संपला. पुढचं वाक्य आलं नाही.